बोल्ड केलं म्हणजे हेडिंग होत नाही!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)



सुरुवातीलाच कबूल करून टाकते, माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की माझा हात थरथरतो. 'की' कुठली ऱ्हस्व आणि कुठली दीर्घ हे माझी रूममेट मला अजून समजावते आहे. त्यामुळे संपादक मंडळ जेव्हा "मराठी विभागाला मजकूर कमी पडतोय, काहीतरी दे" म्हणून मागे लागलं, तेव्हा मी कविता-बिवितांच्या भानगडीत न पडता जे मला या वर्षी रडत-रडत शिकावं लागलं तेच लिहायचं ठरवलं. विषय ऐकून हसू नका. विषय आहे वर्डमधल्या 'स्टाईल्स'.

हो, त्याच. 'होम' टॅबवर उजव्या बाजूला छोट्या चौकोनांत 'नॉर्मल', 'हेडिंग १', 'हेडिंग २' असं लिहिलेलं असतं आणि शाळेत कॉम्प्युटरचा तास सुरू झाल्यापासून आजपर्यंत आपण त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलेलं नसतं.

तर झालं असं की सहाव्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता, भाज्या वाळवायचा सोलर ड्रायर. आम्ही चौघं. मी, माझी रूममेट आणि बॉईज हॉस्टेलचे दोघं. ड्रायर चांगला चालला (मेसच्या मेथीवर प्रयोग केले, मेसवाल्या मावशींचे आभार). रिपोर्ट मात्र चौघांनी चार ठिकाणी टाईप केला आणि शेवटच्या आठवड्यात एकत्र चिकटवला. डिपार्टमेंटचे नियम नेहमीचेच. चॅप्टरचं नाव १६, सेक्शन १४, मजकूर १२, टाईम्स न्यू रोमन, दीड ओळीचं अंतर, डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच. आम्ही अगदी मन लावून एकेक हेडिंग सिलेक्ट केलं, १४ केलं, बोल्ड केलं. नवीन चॅप्टर नव्या पानावर जावा म्हणून एंटर मारत बसलो. अनुक्रमणिका हाताने टाईप केली, मध्ये ठिपके ठिपके ठिपके आणि शेवटी पान नंबर. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाईप करायचं. "दोन पॉईंट चार?" "सतरा!" "दोन पॉईंट पाच?" "अठरा!" हौजीच खेळतोय असं वाटत होतं.

सबमिशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गाईड सरांनी फाईल बघितली. म्हणाले, "छान आहे. फक्त दुसरा चॅप्टर तिसरा करा आणि तिसरा दुसरा. आकृत्यांचे नंबर चॅप्टरप्रमाणे द्या. आणि सेक्शनची हेडिंग्ज सगळी कॅपिटलमध्ये आहेत, ती साधी करा. उद्या अकराला बाइंड करून आणा."

फक्त!

पानं होती ७१. सेक्शन किती होते ते त्या रात्री पाठ झाले, ४६. प्रत्येक हेडिंगवर जायचं, बदलायचं, पुढे जायचं. चॅप्टरची अदलाबदल केल्यावर २.१ चं ३.१ झालं, मजकुरात जिथे 'आकृती २.३ पाहा' लिहिलं होतं ते सगळं चुकलं. रात्री अडीचला संपलं. फाईलचं नाव तोपर्यंत 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी यात्रा करून 'फायनल आता हात लावू नका' इथपर्यंत आलं होतं.

सकाळी नऊला गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. तिसरा चॅप्टर पानाच्या मध्यावर सुरू होत होता. चौथा चॅप्टर एका पानावर नुसतंच नाव घेऊन उभा होता, मजकूर पुढच्या पानावर. पानं ७१ ऐवजी ७३ झाली होती, म्हणजे अनुक्रमणिका पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटी! माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक होतं हो, आईशप्पथ.

त्या दुकानात डीटीपीचं काम करणाऱ्या काकू आहेत. वीस-पंचवीस वर्षं लग्नपत्रिकांपासून थिसिसपर्यंत सगळं टाईप करतायत. त्यांनी काही न बोलता वर्डमधलं ते उलट्या 'पी'सारखं दिसणारं चिन्ह दाबलं. त्याबरोबर पडद्यावर आमचे सगळे एंटर दिसायला लागले. एका ठिकाणी सलग २३!

"हे काय गं?"

"काकू, पुढच्या पानावर न्यायचं होतं ना, म्हणून."

काकू म्हणाल्या, "अगं बाई, हेडिंग मोठं केलंस, काळं केलंस, सगळं केलंस. पण ते हेडिंग आहे हे त्याला सांगितलंसच नाही. मग त्याला कसं कळणार?"

वेळ नव्हता. जसं होतं तसं प्रिंट मारलं. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी अनुक्रमणिका बघून 'कार्यक्षमतेचे तक्ते' असलेलं पान उघडलं, तर तिथे आमच्या एक्झॉस्ट फॅनचा फोटो. त्यांनी पुढची दोन मिनिटं शांतपणे पानं उलटली. एवढी लांब दोन मिनिटं मी आयुष्यात अनुभवलेली नाहीत.

पुढच्या रविवारी मी काकूंकडे गेले आणि म्हटलं, शिकवा. आता त्यांनी जे शिकवलं, आणि नंतर मी स्वतः खोदून काढलं, ते सांगते.

वर्डला डोळे नाहीत. आपण एखादी ओळ १४ साईझची आणि बोल्ड केली की आपल्याला ती हेडिंग दिसते. वर्डच्या दृष्टीने मात्र तो एक साधा परिच्छेद असतो, ज्याची अक्षरं योगायोगाने मोठी आणि जाड आहेत. खात्री करायची असेल तर एक गंमत करा. कुठलीही डॉक्सएक्स फाईल कॉपी करा, तिच्या नावातलं शेवटचं 'डॉक्सएक्स' काढून 'झिप' लिहा आणि उघडा. ऑफिस २००७ पासून वर्डची फाईल म्हणजे खरं तर एक झिपच असते. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बऱ्याच फाईल्स दिसतील. त्यातली एक 'डॉक्युमेंट', तिच्यात आपला मजकूर. दुसरी 'स्टाईल्स', तिच्यात प्रत्येक स्टाईलची व्याख्या. मी आमच्या रिपोर्टची मजकुराची फाईल उघडली तर प्रत्येक हेडिंगपाशी तेच तेच लिहिलेलं. बोल्ड, साईझ २८, बोल्ड, साईझ २८. (२८ कारण वर्ड आतमध्ये साईझ अर्ध्या पॉईंटमध्ये मोजतं. मला आधी वाटलं फाईल करप्ट झाली.) ४६ हेडिंग्ज, ४६ वेळा तीच माहिती. काकूंनी स्टाईल लावून दिलेल्या फाईलमध्ये त्याच जागी एवढंच होतं की हा परिच्छेद 'हेडिंग २' आहे. हेडिंग २ म्हणजे कसं दिसायचं, ते स्टाईल्सच्या फाईलमध्ये एकदाच.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना हे लगेच कळेल, कारण ऑटोकॅडमध्ये आपण हेच करतो. रेषेचा रंग 'बाय लेयर' ठेवला की लेयरचा रंग बदलल्यावर सगळ्या सेंटर लाईन्स एका क्लिकमध्ये बदलतात. आणि कोणी शहाण्याने एकेका रेषेला हाताने लाल रंग दिला असेल तर लेयर बदला नाहीतर डोकं आपटा, त्या रेषा लालच राहतात. ड्रॉईंगच्या सरांनी यावरून आमची शीट परत दिली होती. तीच आम्ही मंडळी वर्डमध्ये मात्र एकेक रेषा हाताने रंगवत होतो! कॉम्प्युटरवाल्यांनी सीएसएस आठवावं. सुरुवातीच्या वेबपेजेसमध्ये दर ठिकाणी फॉन्टचा टॅग असायचा. हाकोन वियम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून आली. मजकूर काय आहे ते एकीकडे, तो कसा दिसतो ते दुसरीकडे. ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९८० साली कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी पीएच.डी.साठी केलेल्या 'स्क्राईब' या प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्याने फक्त 'हा चॅप्टर', 'हे अवतरण' असं सांगायचं आणि दिसण्याचे नियम वेगळे. लॅटेकचंही तसंच. काकू म्हणतात, पेजमेकरमध्येही त्या आधी स्टाईल बनवायच्या आणि मग मजकूर ओतायच्या. म्हणजे सगळ्या जगाला माहीत होतं, आम्हा चौघांना सोडून.

आता प्रत्यक्ष करायचं काय? आधी एक गैरसमज. बरेच जण 'हेडिंग १' एकदा दाबून बघतात, अक्षरं निळसर आणि भलत्याच फॉन्टमध्ये येतात, "शी!" म्हणतात आणि पुन्हा कधी तिकडे जात नाहीत. मीही त्यातलीच. पण तो निळा रंग म्हणजे काही नियम नाही. 'हेडिंग १' वर राईट क्लिक करा, 'मॉडिफाय' घ्या आणि डिपार्टमेंटला पाहिजे तसं करा. टाईम्स न्यू रोमन, १६, काळा, मध्यभागी. ओके म्हटलं की त्या फाईलमधली सगळी हेडिंग १ तशी. हीच गोष्ट 'हेडिंग २', 'हेडिंग ३' आणि 'नॉर्मल'ची. मग टाईप करताना कर्सर ओळीत ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबलं की हेडिंग १, २ दाबलं की हेडिंग २. माऊसला हात लावायची गरज नाही. साध्या मजकुरावर परत यायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन.

त्याच 'मॉडिफाय'च्या खिडकीत खाली डावीकडे 'फॉरमॅट' असं बटण आहे. त्यातल्या 'पॅराग्राफ'मध्ये दुसऱ्या टॅबवर दोन चौकोन आहेत, ज्यांनी आमची रात्र वाचली असती. 'पेज ब्रेक बिफोर' हा हेडिंग १ ला लावला की प्रत्येक चॅप्टर आपोआप नव्या पानावर. एकही एंटर नाही, आणि झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर वेगळा असला तरी चॅप्टर नव्या पानावरच सुरू होणार. दुसरा 'कीप विथ नेक्स्ट'. हेडिंग पानाच्या तळाशी एकटं लटकत नाही, पुढच्या परिच्छेदाचा हात धरूनच जातं. हेडिंगच्या स्टाईल्समध्ये हा मुळातच चालू असतो. म्हणजे आपण खोटी हेडिंग्ज केली नसती तर हा त्रास झालाच नसता.

आणि आता खरी जादू. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'नॅव्हिगेशन पेन' चालू करा. डावीकडे सगळ्या हेडिंग्जची यादी येते. त्यात चॅप्टर २ माऊसने धरून चॅप्टर ३ च्या खाली सोडायचा. बस्स. चॅप्टर आतल्या सगळ्या सेक्शन्ससकट, आकृत्यांसकट तिथे जातो. नंबर जर हाताने न टाईप करता हेडिंगला जोडलेल्या 'मल्टिलेव्हल लिस्ट'मधून आले असतील तर तेही आपोआप बदलतात. आकृत्यांना 'इन्सर्ट कॅप्शन'ने नाव द्यायचं, त्याच्या 'नंबरिंग'मध्ये 'इन्क्लूड चॅप्टर नंबर'वर टिक करायची, आणि मजकुरात 'आकृती ३.२ पाहा' लिहिताना नंबर टाईप न करता 'क्रॉस रेफरन्स' घालायचा. शेवटी कंट्रोल ए करून एफ ९. अनुक्रमणिका 'रेफरन्सेस' टॅबवरून एका क्लिकमध्ये तयार होते आणि त्याच एफ ९ ने ताजी होते. गाईड सरांचं ते 'फक्त' खरंच फक्त होतं. दहा मिनिटांचं काम. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही, रागच आला.

चौघांच्या चार फाईल्स चिकटवतानाही हेच. प्रत्येकाने त्याच नावाच्या स्टाईल्स वापरल्या असतील तर पेस्ट करताना 'यूज डेस्टिनेशन स्टाईल्स' निवडायचं, की सगळा मजकूर मुख्य फाईलचे कपडे घालतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाने सगळं एरियलमध्ये टाईप केलेलं, एकाने चॅटबॉटवरून आणि नेटवरून उचललेलं (नाव सांगत नाही, त्याला माहीत आहे), त्यामुळे मागे करडा रंग आणि भलतेच बुलेट. अशा उचललेल्या मजकुराला 'कीप टेक्स्ट ओन्ली' हाच उपाय.

आता ज्यांची फाईल आधीच खराब झालेली आहे त्यांच्यासाठी. एका खोट्या हेडिंगमध्ये कर्सर ठेवा, 'होम'मध्ये उजवीकडे 'सिलेक्ट', त्यात 'सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग'. त्या प्रकारची सगळी एकदम सिलेक्ट होतात. मग एकदाच हेडिंग २ लावा. इथे एक खोच आहे, जिच्यामुळे मी अर्धा तास चक्रावले होते. परिच्छेदाच्या अर्ध्याहून जास्त भागाला हाताने बोल्ड वगैरे केलेलं असेल तर स्टाईल लावताना वर्ड ते काढून टाकतं, पण अर्ध्याहून कमी असेल तर ठेवतं. वर्डला वाटतं की आपण त्या दोन-तीन शब्दांना मुद्दाम उठाव दिलाय. म्हणून काही ओळी सुधारतात, काही नाही. नाही सुधारल्या तर सिलेक्ट करून कंट्रोल आणि स्पेसबार दाबा, अक्षरांवरची हाताची कारागिरी निघून जाते. परिच्छेदावरची (म्हणजे अंतर, अलाइनमेंट) कंट्रोल आणि क्यूने जाते. अजून एक, 'मॉडिफाय'मध्ये 'ऑटोमॅटिकली अपडेट' असा चौकोन दिसेल. नाव छान आहे, पण टिक करू नका. केलीत तर एका हेडिंगला सहज इटॅलिक करून बघितलं की त्या स्टाईलची सगळी इटॅलिक होतात, आणि मग भूत शिरलंय असं वाटतं.

माझं म्हणणं असं नाही की हाताने कधीच काही करू नये. एक पानी रजेचा अर्ज, मेसच्या तक्रारीचं पत्र, त्याला कसल्या स्टाईल्स? वाक्यात एखादा शब्द तिरका करायचा तर कंट्रोल आय दाबा आणि पुढे चला. जे एकदाच आहे ते हाताने, जे पुन्हा पुन्हा येणार ते स्टाईलने, एवढंच मी पाळते. गूगल डॉक्समध्ये आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्येही हेडिंगच्या स्टाईल्स आहेत. लिब्रे ऑफिसमध्ये तर एफ ११ दाबलं की स्टाईल्सची अख्खी खिडकी उघडते, आणि मला ती वर्डपेक्षा जास्त आवडली.

इथपर्यंत हे सगळं माझ्या मार्कांचं रडगाणं होतं. पण यातलं खरं महत्त्व मला नंतर कळलं, आणि ते मराठीमुळे.

झालं असं की आमच्या रेक्टर मॅडमना कोणीतरी (बहुतेक काकूंनीच) सांगितलं की ही मुलगी वर्डमध्ये हुशार झालीये. मॅडमनी मला हॉस्टेलच्या नियमावलीची जुनी फाईल दिली आणि म्हणाल्या, "यात नवीन नियम घालून नीट करून दे." ३८ पानं, मराठीत. मी उत्साहाच्या भरात पहिलं काम काय केलं? कंट्रोल ए, कंट्रोल स्पेसबार. हाताची कारागिरी साफ!

आणि अख्खी नियमावली इंग्रजी झाली. म्हणजे इंग्रजी अक्षरं, पण शब्द एकही नाही. स्वल्पविराम, कंस, डॉलर, मध्येच कॅपिटल. मी कॉन्व्हेंटची असूनही ते इंग्रजी मला वाचता येईना!

काकूंकडे धावले. त्या हसायलाच लागल्या. ती फाईल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती, शिवाजी, कृतिदेव वगैरेंच्या जातीतला. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर साठवतो इंग्रजी अक्षरांचेच कोड, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार काढून दाखवतो. फॉन्ट काढला की मुखवटा निघाला. म्हणजे तिथे नुसती हेडिंगच नव्हे, मराठीसुद्धा फक्त 'दिसत' होती. युनिकोडमध्ये तसं नसतं. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही लावा, 'क' हा 'क'च राहतो. काकूंनी मूळ फाईल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून दिली, मी तीन रात्री जोडाक्षरं तपासली. (माझं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं असेल तर ते या तीन रात्रींमुळे.)

युनिकोड मराठीसाठी स्टाईल बनवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्डमध्ये प्रत्येक स्टाईलला फॉन्टचे दोन कप्पे असतात, एक इंग्रजीसारख्या लिप्यांचा आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा. देवनागरी दुसऱ्यात येते. म्हणून आपण टाईम्स न्यू रोमन १४ करतो आणि मराठी अक्षरं ढिम्म हलत नाहीत. 'मॉडिफाय', 'फॉरमॅट', 'फॉन्ट' इथे जाऊन तो खालचा कप्पा वेगळा भरायचा, फॉन्ट आणि साईझ दोन्ही. कप्पा दिसत नसेल तर वर्डच्या भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी घाला, दिसायला लागेल. लिब्रे ऑफिसमध्ये त्याला 'सीटीएल' म्हणतात.

नियमावली पूर्ण झाली. मॅडमनी ती सगळ्यांना ई-मेल केली आणि दोन दिवसांनी मला ऑफिसमधून बोलावणं आलं. आपल्या कॉलेजचे टेलिफोन ऑपरेटर काका आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. फोन उचलल्यावर आवाजावरून विद्यार्थ्याचं नाव सांगणारे. त्यांना दिसत नाही हेही माहीत आहे. पण ते कॉम्प्युटर कसा वापरतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेला, पूर्णपणे फुकट. पडद्यावर जे आहे ते तो कानात वाचून दाखवतो, मराठीसुद्धा.

काका म्हणाले, "बस बाळ. हे बघ." त्यांनी हेडफोन काढून स्पीकर लावला आणि जुनी नियमावली उघडली. त्यातून जे ऐकू आलं ते लिहून दाखवता येणार नाही. एस, कॉमा, डॉलर, काहीतरी पुटपुटल्यासारखं. जी मराठी आम्हाला दिसत होती ती त्यांना ऐकू येतच नव्हती. पालक फोन करून विचारायचे, रात्री किती वाजता गेट बंद होतं, पाहुण्यांना कुठे बसवायचं, तेव्हा काका कोणाला तरी हाक मारून वाचून घ्यायचे. ज्या नियमावलीची उत्तरं फोनवर त्यांनी द्यायची, तीच त्यांना कधी वाचता आली नव्हती.

मग त्यांनी नवीन फाईल उघडली. 'एच' दाबलं. स्पीकर म्हणाला, प्रवेश. पुन्हा एच, खोलीवाटप. पुन्हा एच, मेस. स्क्रीन रीडरच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबलं की तो पुढच्या हेडिंगवर उडी मारतो, आणि १ किंवा २ दाबलं की त्या-त्या पातळीच्या हेडिंगवर. पण हेडिंग खरं असलं तरच. नुसत्या बोल्ड ओळीवर तो थांबत नाही, त्याला ती दिसतच नाही. मी दिलेली ५२ हेडिंग्ज, जी मी निव्वळ अनुक्रमणिका आपोआप यावी म्हणून दिली होती, त्यांवरून काका पायऱ्या उतरावं तसे भराभर उतरत होते. 'पाहुणे'पाशी थांबले, ऐकलं, मान डोलावली.

मला वाटलं आता शाबासकी देतील. फुगून बसले होते अगदी.

काका म्हणाले, "छान केलंस. पण ते एकविसावं पान बघ, 'सुटी' या हेडिंगखाली. दुसऱ्या वाक्यात 'रेक्टर'च्या ऐवजी तू 'रेक्त' लिहिलंयस."

३८ पानं मी तीन रात्री तपासली होती, रूममेटने तपासली होती, मॅडमनी सही केली होती. मी खोलीवर जाऊन फाईल उघडली. खरंच होतं.